जानेवारीतला बुलढाणा: आधी तारीख, मग ठिकाण

बुलढाणा जिल्हा पाहायचा तर महिना जानेवारीचाच. घाटावर दुपारचे तापमान साधारण 28 अंशांच्या आसपास राहते आणि पहाटे ते 15 अंशांपर्यंत, कधी त्याही खाली उतरते. एप्रिल उजाडला की घाटाखालच्या मलकापूर, शेगाव, खामगाव पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि देवळाच्या दगडी फरशीवर अनवाणी पाय टेकवत नाही. पावसाळ्यात लोणारच्या विवराची उतरण निसरडी होते, काळ्या मातीतल्या आडवाटा चिखलाने बंद पडतात. ऑक्टोबरात ऊन पुन्हा चढते आणि सोयाबीनच्या सोंगणी-मळणीत सगळा जिल्हा गुंतलेला असतो. जानेवारीत मात्र धरणा-तलावांत पाणी टिकून असते, हिवाळी पक्षी आलेले असतात, हरभरा घाट्यांवर आणि गहू ओंब्यांवर असतो. फेब्रुवारीचा मध्य ओलांडला की यातले एकेक कमी होत जाते.

दुसरे कारण पंचांगातले. जानेवारीचा मोठा भाग पौषात जातो आणि पौषात सहसा लग्ने धरत नाहीत. त्यामुळे लग्नसराईत भरभरून धावणाऱ्या एसटी गाड्या आणि आठवडाभर आधीच आरक्षित होणारे लॉज या दिवसांत तुलनेने मोकळे असतात. गर्दी असते ती शाळांच्या सहलींची. सहलीच्या बसगाड्या दूरच्या गावांहून यायच्या असल्याने त्या दिवस वर आल्यावर पोहोचतात. सकाळी आठच्या आत पोहोचणाऱ्याला तेच ठिकाण शांत मिळते.

जानेवारीत कुठे जावे, या प्रश्नाचे उत्तर शोधताना बहुतेक घरे आधी ठिकाण ठरवतात आणि सुट्टी पाहून तारीख मागाहून. बुलढाण्याच्या बाबतीत हा क्रम उलटा केला पाहिजे. इथल्या एकाच गावात दहा तारखेला सामसूम असते आणि बारा तारखेला लाखोंचा समुदाय लोटतो. दोन्ही पाहण्यासारखे आहे, पण आपल्याला यातले कोणते हवे हे ठरवल्याशिवाय निघणाऱ्याच्या हाती दोन्हीपैकी काहीच लागत नाही.

जिल्ह्याची रचना समजून घेतली तर आखणी सोपी होते. इथले लोक जिल्ह्याचे दोन भाग सांगतात: घाटावर आणि घाटाखाली. अजिंठ्याच्या डोंगररांगेवरच्या पठारावर बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा हे तालुके. डोंगराखाली पूर्णा नदीच्या खोऱ्यात मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर. खोऱ्याच्या उत्तरेला सातपुडा. बुलढाणा शहर डोंगरावर, समुद्रसपाटीपासून सव्वासहाशे मीटरच्या वर आहे आणि इंग्रज अधिकाऱ्यांनी जिल्ह्याचे ठाणे इथे केले त्यात या थंड हवेचा वाटा होता. मलकापूरकडून राजूर घाट चढून येताना हवेतला फरक अंगाला जाणवतो. वर आणि खाली एकाच दिवसात उरकण्याचा हट्ट धरला की दिवस घाटातच संपतो.

घाटावर पहिला मान लोणारचा. सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे आणि काठापासून तळापर्यंत दीडशे मीटरच्या आसपास खोल असे हे विवर दख्खनच्या काळ्या बेसाल्ट खडकात उल्कापाताने तयार झाले. बेसाल्टमधली अशी विवरे जगात मोजकीच आहेत आणि त्यांत लोणारइतके चांगले टिकलेले दुसरे नाही. 1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, पण पुढे दीर्घकाळ ते ज्वालामुखीचे मुख असावे असेच मानले गेले. 1970 च्या दशकात भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेच्या स्मिथसोनियन संस्थेतील अभ्यासकांनी विवराच्या तळातून काढलेल्या खडकांत प्रचंड आघातानेच घडू शकणारे बदल दाखवून दिले आणि तो वाद मिटला. वयाचा वाद मात्र अजून मिटलेला नाही: एका पद्धतीने ते सुमारे 52 हजार वर्षे येते, दुसरीने साडेपाच लाख वर्षांच्या वर.

सरोवराचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. त्यात वाढणाऱ्या सूक्ष्म शैवालामुळे ते एरवी हिरवट दिसते. जून 2020 मध्ये ते अचानक गुलाबी झाले तेव्हा पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने आणि नागपूरच्या नीरीने नमुने तपासले. खारट पाण्यात जगणाऱ्या सूक्ष्मजीवांच्या रंगद्रव्याचा तो परिणाम होता. त्याच वर्षी नोव्हेंबरात लोणारचा रामसर यादीत समावेश झाला. नाशिक जिल्ह्यातल्या नांदूरमध्यमेश्वरनंतर महाराष्ट्राला मिळालेले हे दुसरे रामसर स्थळ.

जानेवारीत लोणार पाहण्याचा लाभ चालणाऱ्यालाच होतो. काठावरून दिसणारे विवर आणि आत उतरल्यावर भेटणारे विवर यांत फार अंतर आहे. उतरताना आधी कोरडे जंगल लागते, मग बाभळीची दाटी आणि शेवटी पाण्याभोवतीचा खारा चिखलपट्टा. या पट्ट्यावर थंडीत शेकाट्या, धोबी, चक्रवाक दिसतात. वाटेत आणि काठाने यादवकाळच्या आसपासची लहान-मोठी देवळे आहेत, काही पडकी, काही झाडांच्या मुळांनी धरून ठेवलेली. ईशान्य काठावरची धार बारमाही आहे. गोमुखातून पडणारे ते पाणी गोडे आहे. काही पावलांवर गोडे आणि खाली खारे, ही गोष्ट मुलांना दाखवावी अशी आहे. गावातले दैत्यसूदन मंदिर मात्र अनेक जण घाईत सोडून जातात. तारकाकृती पायावरचे हे विष्णुमंदिर आणि त्याच्या छतावरचे शिल्पपट पाहायला एक तास कमी पडतो. लवणासुराचा वध करणाऱ्या विष्णूची स्थानिक कथा तिथे दगडात कोरलेली आहे. पाणी पाहून परत फिरणाऱ्याने अर्धेच लोणार पाहिलेले असते.

लोणारची काळजी वाटावी अशीही स्थिती आहे. अलीकडच्या वर्षांत सरोवराची पातळी चढत जाऊन पाणी काठच्या कमळजा देवीच्या मंदिरापर्यंत पोहोचले. बाहेरचे पाणी वाढले की खारेपणा उतरतो आणि त्यावर जगणारी सगळी सूक्ष्म सृष्टी धोक्यात येते. गावाचे सांडपाणी, विवरातली वेडी बाभूळ, काठावरची बांधकामे हे विषय मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे अनेक वर्षे आहेत. पर्यटकाने करायचे ते थोडे आहे, पण ते केलेच पाहिजे: वनखात्याने दिलेल्या वाटेनेच उतरावे, साबण-निर्माल्य पाण्यात जाऊ देऊ नये, खाण्याची पाकिटे वर परत आणावीत. उतरण्यापूर्वी त्या दिवशी कोणती वाट खुली आहे याची चौकशी काठावरच करावी.

सिंदखेडराजाची तारीख 12 जानेवारी. लखुजीराव जाधवांच्या या गावी 1598 साली जिजाऊंचा जन्म झाला. पहाटे राजवाड्यातल्या जन्मस्थळी पूजा होते आणि दिवसभर मराठा सेवा संघाच्या जिजाऊ सृष्टीवर सोहळा चालतो. राज्याच्या कानाकोपऱ्यातून, शेजारच्या राज्यांतूनही लोक येतात. बायका नऊवारी नेसून, मुली जिजाऊंच्या वेषात येतात, पुस्तकांची दुकाने मोठ्या संख्येने लागतात आणि विकलीही जातात. एखाद्या ऐतिहासिक स्त्रीच्या नावाने एवढा समाज दरवर्षी एका तालुक्याच्या गावी जमतो, हे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचित दिसते. ज्याला हे पाहायचे आहे त्याने आदल्या रात्रीच जालना, चिखली किंवा देऊळगावराजात मुक्काम करावा; बाराच्या सकाळी वाहने गावाबाहेरच थांबवली जातात.

ज्याला वास्तू पाहायच्या आहेत त्याने बारा तारीख सोडून कोणताही दिवस घ्यावा, कारण सिंदखेडराजा म्हणजे फक्त राजवाडा नव्हे. लखुजीरावांची भव्य समाधी, नीलकंठेश्वराचे आणि रामेश्वराचे मंदिर, शिल्पांनी मढलेली पुतळाबारव, काळाकोट, मोती तलाव आणि चांदणी तलाव हे सगळे गावात आणि गावाभोवती आहे. मोती तलावाची दगडी भिंत जाधवांच्या काळातल्या पाणी-व्यवस्थेचा उत्तम नमुना आहे. 1629 मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाही दरबारी लखुजीराव आणि त्यांचे मुलगे मारले गेले. जिजाऊंच्या माहेरावरचा तो आघात या समाधीपाशी उभे राहिल्यावर पुस्तकातल्यापेक्षा जास्त कळतो. जून 2024 मध्ये याच समाधीच्या संवर्धनाचे काम करताना भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाला जमिनीखाली शेषशायी विष्णूचे मोठे, अखंड शिल्प मिळाले. जाधवांच्या आधीचे सिंदखेड अजून बरेचसे मातीखालीच आहे, हे त्यातून दिसले. सिंदखेडराजा तालुक्यातल्याच साखरखेर्ड्याला 1724 मध्ये निजामउल्मुल्कने मुबारिजखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या निजामीचा पाया घातला. दख्खनच्या सव्वादोनशे वर्षांच्या राजकारणाला वळण देणाऱ्या या लढाईच्या गावी आजही फारसे कोणी थांबत नाही.

याच आठवड्यात देऊळगावराजा तालुक्यातल्या मेहुणाराजालाही जाता येते. परंपरेने हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव आणि मकरसंक्रांतीच्या सुमारास तिथे त्यांचा जन्मोत्सव होतो. जवळच्या खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला त्यांचेच नाव आहे. सिंदखेडराजाला बारा तारखेला गेलेल्याने दोन दिवस तिथेच काढून मेहुणाराजाला जाऊन यावे. एकाच मातीतली ही दोन गावे एका यात्रेत जोडली जायला हवीत.

मेहकर तालुक्यातल्या हिवरा आश्रमाचा उत्सव तारखेने नव्हे, तिथीने होतो. शुकदास महाराजांनी उभारलेल्या विवेकानंद आश्रमात पौष वद्य सप्तमीला संपणारा विवेकानंद जन्मोत्सव तीन दिवस चालतो. शेवटच्या दिवशी पुरी आणि वांग्याच्या भाजीचा महाप्रसाद शेतात रांगांनी बसलेल्या लाखो लोकांना ट्रॅक्टरमधून वाढला जातो. ही तिथी कधी जानेवारीच्या मध्यावर, कधी फेब्रुवारीच्या पहिल्या दिवसांत येते. 2020 मध्ये ती 17 जानेवारीला होती आणि 2024 मध्ये 2 फेब्रुवारीला. त्यामुळे दिनदर्शिका उघडल्याशिवाय निघू नये. मेहकरला पैनगंगेकाठी शारंगधर बालाजीची काळ्या पाषाणातली मूर्ती अवश्य पाहावी. वेळ असेल तर चिखली तालुक्यातली सातगाव आणि साकेगावची जुनी मंदिरे पाहावीत. तिथे मार्गदर्शक नाही, फलक अपुरे, पण काम उत्तम.

ज्याला गर्दी नकोच, त्याच्यासाठी बुलढाणा आणि खामगाव यांच्या मधले ज्ञानगंगा अभयारण्य. सुमारे 205 चौरस किलोमीटरचे हे पानगळीचे जंगल अस्वलांसाठी ओळखले जाते. बिबट्या, तरस, चिंकारा आणि इथले लोक ज्याला रोही म्हणतात ती नीलगायही दिसते. यवतमाळच्या टिपेश्वरमधून निघालेला, गळ्यात रेडिओ पट्टा असलेला तरुण वाघ 1300 किलोमीटरहून अधिक फिरून 2019 च्या डिसेंबरात इथे आला तेव्हा हे नाव देशभर पोहोचले. वाघ दिसेल या अपेक्षेने कोणी जाऊ नये. जानेवारीत साग अजून पूर्ण उघडा पडलेला नसतो, म्हणून प्राणी उन्हाळ्याइतके सहज दिसत नाहीत. पक्षी आणि जंगलाची पहाट हाच इथला लाभ.

घाटाखाली शेगाव. श्री गजानन महाराजांच्या समाधिमंदिरात वर्षाच्या पहिल्या दिवसांत, गुरुवारी आणि सुट्ट्यांना रांगा फार लांबतात. महाराजांचा प्रकटदिन माघ वद्य सप्तमीला, म्हणजे जानेवारीनंतर येतो, तेव्हा महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यातले साधे वार दर्शनाला सर्वांत निवांत. सेवेकऱ्यांची शिस्त आणि परिसराची स्वच्छता पाहून इतर देवस्थानांनी शिकावे असे इथे पुष्कळ आहे. मात्र शेगावचे दर्शन, स्टेशनवरची कचोरी आणि परत, एवढाच बुलढाणा बहुतेकांना ठाऊक असतो, ही जिल्ह्याची मोठी हानी आहे. शेगावहून उत्तरेला संग्रामपूरकडे गेले की सातपुड्याच्या पायथ्याशी अंबाबरवा अभयारण्य लागते. वाटेत तूर कापणीला आलेली आणि कापसाची शेवटची वेचणी चाललेली. सोल्यांची भाजी, भाकरी आणि ठेचा या दिवसांत घरोघरी असतो, हॉटेलांत क्वचितच. ओळखीच्या शेतावर रोडग्यांचा बेत जमला तर तो सोडू नये.

पोहोचण्याची सोय दोन बाजूंनी आहे. घाटाखाली मुंबई–नागपूर लोहमार्गावर मलकापूर, नांदुरा आणि शेगाव ही स्थानके. घाटावर रेल्वे नाही; खामगाव–जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी असून मार्ग अजून झालेला नाही. समृद्धी महामार्गावरून मेहकर आणि सिंदखेडराजा इथे उतरता येते, म्हणून लोणार आणि सिंदखेडराजासाठी तो सोपा. त्या रस्त्यावर रात्रीचे वाहन चालवणे टाळावे. तीन दिवस असतील तर दोन घाटावर द्यावेत: एक पूर्ण लोणारला, एक सिंदखेडराजाला, आणि तिसऱ्या दिवशी चिखली, बुलढाणा, राजूर घाटमार्गे खाली उतरावे. दोनच दिवस असतील तर शेगाव पुढच्या वेळेसाठी ठेवून लोणारला मुक्काम करावा. दहावी-बारावीची मुले असलेल्या घरांनी संक्रांतीच्या आतच जाऊन यावे. त्यानंतर सराव परीक्षा आणि प्रात्यक्षिके सुरू होतात.