कोठडीतून माणूस नाहीसा होत नाही, नाहीसा केला जातो!

रस्त्यावरून एखाद्या गुंडाने पोरगा उचलून नेला तर कायदा त्याला अपहरण म्हणतो. तोच पोरगा पोलिसांनी नेला, कागदावर अटक दाखवली आणि घरच्यांना पुन्हा कधी जिवंत दिला नाही, मेलेलाही दिला नाही, तर आपल्या कायद्यात त्या गुन्ह्याला वेगळे नावच नाही. परभणीच्या ख्वाजा युनूसच्या कुटुंबाने दोन दशकांहून अधिक काळ याच बिननावाच्या गुन्ह्याचा जाब मागितला आहे. नांदेड, लातूर आणि परभणीच्या चळवळीत या प्रकरणाची म्हणावी तशी चर्चा झाली नाही. ती झाली पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आधी घटनाक्रम पाहू. २ डिसेंबर २००२ रोजी मुंबईत घाटकोपरला बसमध्ये बॉम्बस्फोट झाला. २५ डिसेंबर २००२ रोजी त्या प्रकरणात ख्वाजा युनूसला अटक झाली. वय २७ वर्षे. शिकलेला, आखाती देशात नोकरी करणारा सॉफ्टवेअर इंजिनिअर. बरोबर पंचाहत्तर वर्षांपूर्वी याच तारखेला बाबासाहेबांनी महाडला मनुस्मृती जाळली होती. माणसाची किंमत जन्मावरून ठरवणारा कायदा त्या दिवशी जळाला असे आपण मानतो. युनूसची कहाणी वाचल्यावर मात्र तो कायदा पुस्तकातून उठून पोलीस ठाण्यात जाऊन बसला की काय, असा प्रश्न पडतो.

जानेवारी २००३ मध्ये पोलिसांनी सांगितले की युनूसला तपासासाठी औरंगाबादकडे नेत असताना अहमदनगर जिल्ह्यात पारनेरजवळ गाडीला अपघात झाला आणि तो पळून गेला. तशी फिर्यादही पारनेरला नोंदवली गेली. म्हणजे बेपत्ता झालेला माणूसच आरोपी, आणि ज्यांच्या ताब्यातून तो गेला तेच फिर्यादी!

वडिलांनी मुंबई उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची, म्हणजे हेबिअस कॉर्पसची याचिका केली. माझा मुलगा माझ्यासमोर हजर करा, एवढीच मागणी. पुढे ही लढाई आई आसिया बेगम यांनी अंगावर घेतली. न्यायालयाच्या आदेशाने सीआयडीचा तपास झाला आणि पळून गेल्याची कहाणी खोटी ठरली. युनूसचा मृत्यू कोठडीतच झाला, असा तपासाचा निष्कर्ष निघाला. सोबत अटकेत असलेल्या एका डॉक्टरने सांगितले होते की ६ जानेवारी २००३ रोजी त्याने युनूसला पट्ट्याने मारहाण होताना आणि रक्ताची उलटी करताना पाहिले. त्यानंतर युनूस कुणालाच दिसला नाही. त्याचा देह आजवर मिळालेला नाही.

आता व्यवस्थेने काय केले ते बघा. सीआयडीने १४ पोलिसांची नावे दिली. खटला चालवायची परवानगी सरकारने दिली फक्त चौघांविरुद्ध : सचिन वाझे, राजेंद्र तिवारी, सुनील देसाई आणि राजाराम निकम. त्यांच्यावरचा खटला न्यायालयात आहे, आरोप सिद्ध व्हायचे आहेत, हे आम्हीही मानतो. पण उरलेल्या दहा जणांचे काय? त्यांच्याबाबत न्यायालयाने पुरावा तपासून निर्णय दिला असता तर गोष्ट वेगळी होती. इथे न्यायालयाच्या दारापर्यंत जायचे की नाही हेच मंत्रालयाने ठरवले. फौजदारी कायद्यातली ही पूर्वपरवानगीची अट प्रामाणिक नोकराला खोट्या खटल्यांपासून वाचवण्यासाठी आहे म्हणतात. कोठडीत माणसाला मारणे हे कुठल्या सरकारी कर्तव्यात बसते, ते कुणीतरी आम्हाला समजावून सांगावे.

न्यायालयात पहिला साक्षीदार उभा राहिला तो जानेवारी २०१८ मध्ये. युनूस गेल्याला तोवर पंधरा वर्षे झाली होती. तो साक्षीदार म्हणजे तोच डॉक्टर. त्याने साक्षीत आणखी चार अधिकाऱ्यांची नावे घेतली. विशेष सरकारी वकिलांनी त्या चौघांनाही आरोपी करावे असा अर्ज दिला. आणि एप्रिल २०१८ मध्ये सरकारने त्या वकिलांनाच हटवले! जून २०२० मध्ये तर निलंबित आरोपी पोलिसांना पुन्हा सेवेत घेतले. उच्च न्यायालयाने २००४ साली दिलेल्या निलंबनाच्या आदेशाचा हा अवमान आहे, असे सांगत त्या माऊलीला पुन्हा न्यायालयाची पायरी चढावी लागली. म्हातारपणी परभणीहून मुंबई, पाचशेहून अधिक किलोमीटर. देवगिरी नाहीतर नंदीग्राम एक्सप्रेसने रात्रभर प्रवास करून सकाळी न्यायालय गाठायचे आणि पुढची तारीख घेऊन परत फिरायचे म्हणजे काय, हे आपल्या भागातल्या कोर्टकचेरी केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

याच्या शेजारी दुसरे चित्र ठेवून पाहा. २५ फेब्रुवारी २०२१ रोजी देशातल्या सर्वात श्रीमंत उद्योगपतीच्या मुंबईतल्या घराजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी सापडली. १३ मार्चला एनआयएने सचिन वाझेंना अटक केली. मे महिन्यात त्यांना पोलीस दलातून बडतर्फही केले. अटकेला लागले सोळा दिवस! तोही खटला आहे, तिथेही निकाल न्यायालयच देईल. आमचा मुद्दा वेगळा आहे. श्रीमंताच्या दाराशी धोका आला की हीच यंत्रणा सोळा दिवसांत धावते, आणि परभणीच्या आईचा मुलगा गेला की पहिली साक्ष व्हायला पंधरा वर्षे लागतात. यंत्रणेत ताकद नाही, हे म्हणणे म्हणूनच खोटे आहे. ताकद आहे, ती कुणासाठी वापरायची हे ठरलेले आहे.

आमच्यातलेच काहीजण विचारतात, बॉम्बस्फोटाच्या आरोपीसाठी आपण कशाला बोलायचे? आपले प्रश्न काय कमी आहेत? या मित्रांना आमचे दोन टप्प्यांत उत्तर आहे. पहिले, घाटकोपर प्रकरणात ज्यांच्यावर पोटाखाली खटला चालला ते सगळे २००५ साली निर्दोष सुटले. युनूस जिवंत असता तर तोही त्यांच्यासोबत घरी आला असता, असे म्हणायला पूर्ण जागा आहे. दुसरे, समजा तो दोषी असता, तरी काय? दोषी माणसाला शिक्षा न्यायालय देते, पट्टा हातात घेतलेला पोलीस नाही. संविधानाचे संरक्षण निर्दोष असल्याचे प्रमाणपत्र बघून दिले जात नाही. एकदा ते तसे द्यायला सुरुवात झाली की प्रमाणपत्र मागणारा पुढच्या वेळी आपल्या वस्तीत येतो.

आणि तो आलाच! १० डिसेंबर २०२४ रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, मग आपल्या वस्त्यांत कोम्बिंग ऑपरेशन आणि धरपकड. १५ डिसेंबरला कायद्याचा विद्यार्थी सोमनाथ सूर्यवंशी कोठडीत गेला. शवविच्छेदन अहवालात शरीरावरच्या अनेक जखमांचा उल्लेख आला. तरी मुख्यमंत्र्यांनी नागपूर अधिवेशनात मारहाण झालीच नाही असे सांगितले. सोमनाथच्या आईने सरकारचे दहा लाख नाकारले आणि लढा दिला. ४ जुलै २०२५ रोजी उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्याविरुद्ध सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ३० जुलैला तिथेही हरले.

एकाच शहराशी जोडल्या गेलेल्या दोन आया. मध्ये बावीस वर्षे. एक मुस्लीम, एक वडार समाजातली. सोमनाथच्या आईला निदान मुलाचा देह मिळाला, आणि त्या देहानेच साक्ष दिली. म्हणून साडेसहा महिन्यांत एफआयआरचा आदेश निघाला. आसिया बेगम यांच्याकडे देह नव्हता. देह नाही म्हणजे शवविच्छेदन नाही, जखमा नाहीत, दफन नाही, फातिहा कुठल्या कबरीवर वाचायचा तेही नाही. माणूस नाहीसा करण्यातला फायदा हाच असतो. पुरावा जाळला की पुरावा मागायचा भार उलटून आईवर येतो.

हा भार तिचा नाहीच, असे आमचे म्हणणे आहे. जी गोष्ट विशेषकरून एखाद्यालाच ठाऊक असते ती त्यानेच सिद्ध करायची, हे तत्त्व जुन्या पुरावा कायद्याच्या कलम १०६ मध्ये होते आणि नव्या कायद्यातही आहे. चार भिंतींच्या आत बायको मेली तर नवऱ्याला न्यायालय हाच प्रश्न विचारते. मग कोठडीच्या चार भिंतींना वेगळा न्याय का? माणूस तुमच्या ताब्यात जिवंत आला होता. तो कुठे आहे, हे तुम्हीच सांगा. २०१२ साली उच्च न्यायालयाने आसिया बेगम यांना आधीचे ३ लाख धरून एकूण २० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. भरपाई हा त्यांचा हक्कच होता. पण पैसे ही भरपाई आहे, उत्तर नाही.

बाबासाहेबांना हा धोका दिसला होता. कलम २१ मध्ये फक्त कायद्याने ठरवलेली कार्यपद्धती एवढेच शब्द उरले, तेव्हा जीविताचे आणि स्वातंत्र्याचे रक्षण अपुरे राहते हे ओळखून त्यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये संविधान सभेत वेगळी तरतूद मांडली. तीच आज कलम २२ आहे : अटकेचे कारण सांगा, वकील घेऊ द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर हजर करा. ही उपकाराची यादी नव्हे. ज्या समाजाला पाटलाच्या चावडीवरचा मार पिढ्यान्‌पिढ्या माहीत होता, त्या समाजातल्या माणसाने घातलेले हे कुंपण आहे.

म्हणून आमच्या मागण्या साध्या आहेत. पोलीस कोठडीतील मृत्यू आणि बेपत्ता होण्याच्या प्रकरणांत सरकारी पूर्वपरवानगीची अट काढा. असा खटला चालवणारा वकील मध्येच हटवायचा असेल तर त्याची कारणे न्यायालयासमोर लेखी द्या. भारताने छळविरोधी करारावर १९९७ मध्ये आणि सक्तीने नाहीसे करण्याविरुद्धच्या करारावर २००७ मध्ये सही केली, पण एकालाही अजून अंतिम मान्यता दिलेली नाही. ती द्या आणि या गुन्ह्याला देशाच्या कायद्यात नाव द्या.

आणि नांदेड-लातूरच्या आपल्या कार्यकर्त्यांनी सरकारची वाट पाहत बसू नये. वस्तीतून पोरगा उचलला की आधी वेळ, गाडीचा नंबर आणि नेणाऱ्यांची नावे लिहून काढा. अटकेचा पंचनामा मागा, त्यावर घरच्याची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची सही असावी लागते. वैद्यकीय तपासणीचा आग्रह धरा. डी. के. बसू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९६ सालीच हे सगळे बंधनकारक केले आहे. पहिल्या चोवीस तासांत वकील ठाण्यात पोहोचला पाहिजे. आणि उचललेला पोरगा कोणत्या धर्माचा, कोणत्या जातीचा हे विचारण्यात त्यातला एक तासही घालवू नका.

आसिया बेगम यांनी सरकारकडे सत्ता मागितली नाही, सवलत मागितली नाही. माझा मुलगा कुठे आहे, एवढेच विचारले. ज्या देशाचे संविधान बाबासाहेबांनी लिहिले त्या देशात या प्रश्नाला उत्तर मिळत नसेल, तर तो प्रश्न आता एका आईचा राहिलेला नाही. तो आपल्याला विचारायचा आहे, उत्तर मिळेपर्यंत.

जय भीम! जय संविधान!