टूथब्रश विकणाऱ्या पोरी

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या कॉलेजच्या मुलींची बास्केटबॉल फायनल टीव्हीवर जवळपास १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिली. मुलांच्या फायनलपेक्षा जास्त! आनंद आहेच. पण हा खेळ उभा केला कुणी, ते बघा.

१९७२ साली महिलांच्या संघटनेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली इमॅक्युलाटानं. फिलाडेल्फियाजवळचं, नन्सनी चालवलेलं मुलींचं छोटंसं कॉलेज. प्रवासाला पैसे नाहीत म्हणून पोरींनी टूथब्रश विकले. तरी जाऊ शकल्या आठच जणी. कोच कॅथी रश यांचा पगार वर्षाला ४५० डॉलर्स. पुढे घरच्या सामन्यांना नन्स चक्क बादल्या बडवून गलका करायच्या. आणि विजेतेपद सलग तीन वर्षं!

मग एनसीएए ही बडी संघटना मुलींच्या स्पर्धा घेऊ लागली. १९८२ च्या पहिल्याच फायनलमध्ये चेनी हे कृष्णवर्णीयांचं लहानसं कॉलेज पोचलं होतं. त्यानंतर पैसा आला आणि अशी कॉलेजं मागे पडत गेली. चेनीला तर २०१८ मध्ये पैशांपायी एनसीएएतूनच बाहेर पडावं लागलं.

तुम्ही म्हणाल, तिथे समानतेचा कायदा आहे ना? आहे, १९७२ पासून. पण तो एकाच कॉलेजातल्या मुलामुलींत भेद करू नका म्हणतो. श्रीमंत कॉलेज आणि गरीब कॉलेज यांच्याबद्दल त्यात अक्षर नाही.

जून २०२५ मध्ये कोर्टात तडजोड मंजूर झाली. आता कॉलेज खेळाडूंना वर्षाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर्सपर्यंत थेट देऊ शकतं. देणार कोण? ज्यांच्या गटाला टीव्हीवाले अब्जावधी मोजतात तेच. शिवाय जुन्या खेळाडूंना सुमारे २८० कोटी डॉलर्सची भरपाई. त्यातला मोठा वाटा बड्या कॉलेजांच्या फुटबॉलपटूंना आणि मुलांच्या बास्केटबॉलला; पण ती फेडायला लहान कॉलेजांच्या अनुदानालाही कात्री. जेवणावळ वाड्यावर आणि वर्गणी आळीभर!

२०२५ पासून मुलींच्या स्पर्धेतही सामन्यागणिक पैसे मिळू लागलेत. म्हणजे जो जास्त टिकेल त्याच्या गटाला जास्त. मुलांचाच साचा उचललाय. ही तिजोरी नवी आहे, रक्कमही अजून लहान आहे. निदान तिच्यातला अर्धा भाग सगळ्या गटांना सारखा वाटा. आत्ताच. एकदा बड्यांना त्या पैशांची सवय लागली की कुणी सोडणार नाही.