परतीचें तिकीट

परदेशीं मुलाकडे दीर्घ मुक्कामास निघालेल्या आईबापांच्या हातीं परतीचें तिकीट पडलें, कीं पुष्कळदां त्यांचें मन खट्टू होतें. व्हिसा लांब मुदतीचा असतां जाण्याआधींच येण्याचा दिवस कां ठरविला, असें त्यांस वाटतें. परंतु तें तिकीट मुलाच्या मनांतील हिशेब नव्हे. तें पहारेकऱ्यासाठीं आहे.

व्हिसा म्हणजे दाराशीं येण्याची अनुज्ञा. आंत घेणें न घेणें सीमेवरील अधिकाऱ्याच्या हातीं. आणि पहिला पहारा तर त्याच्याहि अलीकडे, मुंबईच्या विमानतळावर कंपनीच्या खिडकीशींच असतो. १९४४ च्या शिकागो कराराच्या नवव्या परिशिष्टानें प्रवाशांचीं कागदपत्रें पाहण्याचा भार विमानकंपन्यांवर टाकला आहे. पलीकडे प्रवेश नाकारला गेल्यास प्रवाशास परत आणण्याचें काम कंपनीकडे येतें. शिवाय कित्येक देश तिला दंडहि करतात. खिडकीवरील माणसाची कडक वागणूक ती यामुळें.

हा बंदोबस्त नवा नाहीं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतील मुद्राध्यक्ष एक माष घेऊन प्रवाशास मुद्रा देई. ती जवळ असेल त्यासच जनपदांत ये-जा करतां येई. मुद्रेवांचून सांपडलेल्या देशवासीयास बारा पण दंड होता, आणि खोटी मुद्रा बाळगणारास त्याहूनहि कडक शिक्षा. आमचें तेर म्हणजे प्राचीन तगर. येथील माल गाड्यांतून भडोच बंदरीं जात असे, असें पहिल्या शतकांतील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथांत नमूद आहे. तेव्हां दूरची वाट आम्हांस जुनी, व वाटेवरचा पहाराहि जुनाच.

नियम मात्र देशोदेशीं निराळे. युरोपांतील शेंगेन देशांत नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामास परतीच्या खर्चाची तजवीज दाखवावी लागते. दीर्घ मुदतीचा राष्ट्रीय व्हिसा असणारास ती अट नाहीं. न्यूझीलंडांत विद्यार्थ्यासहि पुढील प्रवासाचें तिकीट किंवा तें काढण्यापुरतें द्रव्य दाखवावें लागतें. कॅनडाच्या ‘सुपर व्हिसा’वर आईबापांस व आजीआजोबांस जुलै २०२२ पासून एका खेपेस पांच वर्षें राहतां येतें, पण विमानकंपन्या सुमारें वर्षभरापलीकडचें तिकीट विकीतच नाहींत! मग पांच वर्षांनंतरचें तिकीट आणावें कोठून?

यावर उपाय साधा आहे. प्रथम त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावर आपल्याच व्हिसाचा नियम वाचावा. वाटेंत विमान बदलावयाचें असेल, तर त्या देशाचाहि पाहावा. नंतर विमानकंपनीस विचारून तिचें उत्तर लेखी घ्यावें. तिकीट लागत असेल, तर तारीख बदलतां येईल असें काढावें, व त्याची छापील प्रत हातांतील पिशवींत ठेवावी. सामानाच्या पेटींत ठेवूं नये, कारण पेटी आपल्याआधीं पुढें जाते. चार पैसे वांचविण्यासाठीं बनावट तिकिटाचा कागद मात्र कदापि घेऊं नये. त्यापायीं व्हिसाहि जाऊं शकतो आणि पुढची वाटहि बंद होऊं शकते.

मुलांनींहि तिकीट हातीं देतांना आईबापांस त्याचें कारण सांगावें. तारीख पुढें ढकलतां येते. दुखावलेलें मन लवकर सांवरत नाहीं.