शून्य शिल्लक आणि खालचे आसन

ताळेबंदाची बेरीज शून्य आली, म्हणजे कोणाचे देणे-घेणे उरले नाही, असे जाणता व्यापारी मानीत नाही. तो खतावणी उघडतो. एका पानावर येणी असतात, दुसऱ्यावर तितकीच देणी. ग्राफीनच्या बाबतीत भौतिकशास्त्रज्ञांना हेच करावे लागले.

ग्राफीन म्हणजे कार्बनचा एका अणूएवढ्या जाडीचा पापुद्रा. मँचेस्टर विद्यापीठातील आंद्रे गाइम व कॉन्स्टंटिन नोवोसेलोव यांनी २००४ साली तो वेगळा केल्याचे जाहीर केले, तेही साध्या चिकटपट्टीने ग्राफाइट सोलून! २०१० चे नोबेल त्यांना मिळाले. या पापुद्र्यातील भार विद्युतदाबाने कमी-अधिक करता येतो. एका विशिष्ट दाबाला ऋण व धन भारांची बेरीज शून्य होते. तेव्हा वाहक जवळजवळ उरू नयेत. प्रयोगांत मात्र ते उरलेले दिसत.

२००८ मध्ये अमीर याकोबी यांच्या गटाने अतिसंवेदनशील भारमापक टोक पृष्ठभागावरून फिरवले. बेरीज शून्यच होती. पण कोठे ऋणभाराची डबकी, कोठे धनभाराची.

दोष कोणाचा? संशय दोघांवर होता: पापुद्र्याचा उंचसखलपणा आणि त्याखालील सिलिकॉन ऑक्साइडमधील अशुद्धी. पुढच्याच वर्षी बर्कले येथील मायकेल क्रोमी यांच्या गटाने स्कॅनिंग टनेलिंग सूक्ष्मदर्शक लावला. या यंत्रात भिंग नसते. धातूची अणकुचीदार सुई पृष्ठभागाला न शिवता, नॅनोमीटरहूनही कमी अंतरावरून सरकते आणि मधल्या पोकळीतून इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. अंतर नॅनोमीटरच्या एका दशांशाने वाढले, तरी प्रवाह सुमारे दसपट घटतो. त्यामुळे चढउतार तर कळतातच. शिवाय सुईचा विद्युतदाब बदलत प्रवाह मोजला, की त्या बिंदूखालील इलेक्ट्रॉनांचा हिशेबही लागतो. उंचीचा नकाशा आणि भाराचा नकाशा शेजारी ठेवले; ते जुळेनात. डबकी पडली होती ती प्रामुख्याने खालच्या अशुद्धींमुळे. ग्राफीन बिचारे विनाकारण बदनाम झाले होते.

उपाय होता आसन बदलण्याचा. जपानमधील त्सुकुबा येथे वातानाबे व तानिगुची बोरॉन नायट्राइडचे अतिशुद्ध स्फटिक घडवीत. याच पदार्थाची पांढरी भुकटी सौंदर्यप्रसाधनांत वापरतात. त्या स्फटिकावर ठेवलेल्या ग्राफीनवरून २०११ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातील ब्रायन लरॉय यांच्या गटाने सुई फिरवली, तेव्हा भारातील चढउतार सिलिकॉन ऑक्साइडच्या तुलनेत सुमारे शंभरपट कमी भरले. आज ग्राफीनवरील शेकडो शोधनिबंधांत या दोन स्फटिककारांची नावे आढळतात.