संशय नेहमी खराच कसा ठरतो?

छोट्या पडद्यावरच्या भुताखेतांच्या मालिकांत एक गोष्ट ठरलेली असते. घरात कुणाला तरी एका बाईचा संशय येतो. आजी म्हणते, हिचा पायगुण बरा नाही. कामवाली म्हणते, मध्यरात्री हिला परसात पाहिलं. शहरात शिकून आलेला मुलगा हसण्यावारी नेतो, डॉक्टर झोपेच्या गोळ्या लिहून देतो, फौजदार कागदावर सही करून मोकळा होतो. मग पन्नास-साठ भागांनंतर आजी बरोबर ठरते, मुलगा तोंडघशी पडतो आणि ती बाई खरोखरच चेटकीण निघते. असं एका मालिकेत झालं तर ती गोष्ट. प्रत्येक मालिकेत होऊ लागलं की ती शिकवण होते.

ही शिकवण मिळते त्याच महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत काय घडलं, ते वर्तमानपत्रांच्या आतल्या पानांवर छापून आलेलं आहे. १ मे २०२४ रोजी राज्य महाराष्ट्र दिन साजरा करत असताना गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्ली तालुक्यात, बारसेवाडा गावात, एका बाईला आणि एका पुरुषाला जादूटोण्याच्या संशयावरून जिवंत जाळण्यात आलं. पंधरा गावकऱ्यांना अटक झाली. मेळघाटातल्या रेट्याखेडा गावात ७७ वर्षांच्या म्हातारीला मारहाण झाली, मिरचीची धुरी देण्यात आली, मूत्र पाजण्यात आलं आणि गळ्यात चपलांचा हार घालून धिंड काढण्यात आली. हे प्रकरण जानेवारी २०२५ मध्ये उजेडात आलं. ऑगस्ट २०२१ मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या जिवती तालुक्यात, वणी खुर्द इथे, भर चौकात सात जणांना खांबाला बांधून मारलं. त्यात म्हातारी माणसं होती, बाया होत्या, आणि ही सगळी दलित कुटुंबातली माणसं होती. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरातल्या ८५ खुनांमागे जादूटोणा हे कारण नोंदलेलं आहे. जे जिवंत राहिले, गाव सोडून गेले, ज्यांचं पाणी आणि किराणा बंद झाला, त्यांचा हिशेब या आकड्यात नाही.

वणी खुर्दशी मराठवाड्याचं नातं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून अनेक कुटुंबं पोट भरायला जिवतीच्या डोंगराळ मुलखात गेली आणि तिथेच रुजली. जाताना त्यांच्यासोबत मराठवाड्याची भानामतीही गेली. घरावर दगड पडणं, दोरीवरचे कपडे आपोआप पेटणं, बायांच्या तोंडून भुंकल्यासारखा आवाज निघणं, हे सगळं म्हणजे भानामती. धाराशिव, लातूर, नांदेडपासून पलीकडे बिदरपर्यंतच्या पट्ट्यात हा शब्द अजून घराघरात ऐकू येतो. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीने या भागात भानामतीविरुद्ध मोहिमा काढल्या. समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर स्वतः डॉक्टर होते. भुंकणाऱ्या बाईच्या मनावरचा ताण, घरातली घुसमट, सासरचा जाच हे आधी समजून घ्या, असं ते आणि त्यांचे सहकारी सांगत राहिले. गावाचा प्रश्न मात्र वेगळा असे: भानामती केली कुणी? उत्तर शोधायला देवऋषी गाठायचा. देवऋषी सहसा नाव घेत नाही, दिशा सांगतो. गावाच्या दक्षिणेला म्हणाला की ऐकणाऱ्यांना कळतं, कारण मराठवाड्याच्या जुन्या गावांत कुणाची वस्ती कोणत्या दिशेला आहे हे जातीप्रमाणे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेलं आहे.

पडद्यावरच्या चेटकिणीत मात्र जात किंवा रंग दिसत नाही, असा आक्षेप कुणी घेईल. तो खोटाही नाही. स्टार प्लसवर २०१८ मध्ये सुरू झालेल्या 'नजर'मधली डायन मोहना देखणी होती, दागिन्यांनी मढलेली होती. झी मराठीच्या 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'मध्ये ऐश्वर्या नारकर यांनी रंगवलेली खलनायिका राजाध्यक्षांच्या प्रतिष्ठित घरातली होती. स्टार प्रवाहवर २०२५ मध्ये आलेल्या 'काजळमाया'तली चेटकीणही सौंदर्यवतीच आहे. मग जातीचा आणि रंगाचा संबंध आला कुठून?

तो येतो चेटकिणीचं 'खरं रूप' उघडं पडतं त्या क्षणी. वीज कडाडते, कॅमेरा तीनदा चेहऱ्यावर झेपावतो, आणि गोरी कातडी काळवंडते. गाल बसतात, केस पिंजारतात, दात पुढे येतात, नखं वाढतात. म्हणजे गोरेपण हे सोंग आणि काळं, म्हातारं, उन्हात रापलेलं शरीर हे सत्य. ज्या देशात बहुसंख्य बाया उन्हात राबतात, तिथे दर आठवड्याला हे दाखवणं क्रूर आहे. आपल्या मालिकांना काळा रंग नायिकेतही पेलवत नाही. २०१९ मध्ये सुरू झालेली 'रंग माझा वेगळा' वर्णभेदाविरुद्ध बोलणारी मालिका होती, पण तिच्यातल्या सावळ्या दीपासाठी सावळी अभिनेत्री न घेता रेश्मा शिंदे यांना मेकअपने काळं केलं गेलं. सहानुभूती दाखवतानाही रंग फासावा लागतो. मग भीती दाखवताना काय होणार?

अमेरिकेत हा वाद वंशाच्या अंगाने बराच झाला आहे. 'द व्हॅम्पायर डायरीज' ही मालिका २००९ पासून आठ पर्वं चालली. मूळ कादंबऱ्यांतली बॉनी गोरी होती. मालिकेत ती कृष्णवर्णीय झाली, कॅट ग्रॅहमने ती साकारली, आणि त्याचं कौतुकही झालं. पण भागामागून भाग सरले तसं प्रेक्षकांच्या ध्यानात आलं की या चेटकिणीची सगळी शक्ती गोऱ्या मित्रमैत्रिणींचे जीव वाचवण्यात खर्ची पडते. मरते ती, झिजते ती, आणि प्रेमकथा मात्र इतरांच्या. याची मुळं फार मागे जातात. १६९२ मध्ये सेलम गावात चेटकिणींवर खटले चालले तेव्हा पहिल्या तीन आरोपींत टिटुबा नावाची गुलाम बाई होती. त्या काळच्या कागदपत्रांत तिची नोंद 'इंडियन' म्हणून आहे. नंतरच्या कथा-नाटकांत ती हळूहळू आफ्रिकी होत गेली, आणि २०१४ च्या 'सेलम' मालिकेत कृष्णवर्णीय अभिनेत्रीने रंगवलेली टिटुबा खरोखरच चेटकीण दाखवली गेली. जिच्यावर खोटा आरोप झाला, तिच्यावर तीनशे वर्षांनी पडद्याने तो आरोप सिद्ध करून टाकला.

आपल्याकडे वंशाची जागा जातीने घेतली आहे, आणि तीही अगदी उघडपणे. मराठी लोकसमजुतीतली भुतंसुद्धा जातवार आहेत. मुंजा म्हणजे मुंज झालेल्या, लग्नाआधी मेलेल्या ब्राह्मण मुलाचं भूत. ब्रह्मसमंध ब्राह्मणाचा. खवीस मुसलमानाचा. ब्रह्मसमंध विद्वान असतो, नीट विनवलं तर ऐकतो. खवीस अंगापिंडाने दांडगा आणि निर्दय. मेल्यानंतरही ज्याची त्याची पायरी सुटत नाही. या भुतांना पडद्यावर आणताना लेखक त्यांच्या पायऱ्याही जशाच्या तशा आणतात. झपाटलेला वाडा असतो 'रात्रीस खेळ चाले'तल्या नाईकांचा, राजाध्यक्षांचा. गडीमाणसं, काळ्या कोंबड्याचा बंदोबस्त करणारी म्हातारी, वेशीबाहेरचा मांत्रिक, रानातला भगत ही मात्र आडनाव नसलेली माणसं. नायिकेला भविष्य दिसलं तर ते वरदान असतं, 'सातव्या मुलीची सातवी मुलगी'तल्या नेत्रासारखं. तीच शक्ती झोपडीतल्या बाईकडे असली की तिला जारणमारण म्हणतात.

मालिकांनी उभ्या केलेल्या प्रतिमेविरुद्ध कोकणाने एकदा आवाज उठवला होता. २०१६ मध्ये 'रात्रीस खेळ चाले' सुरू झाली तेव्हा कोकणी माणूस म्हणजे भुताखेतांत रमलेला माणूस अशी समजूत पसरेल, अशी हरकत सिंधुदुर्गातून घेतली गेली. मालिका लोकप्रिय झाली आणि ती हरकत विरून गेली. मराठवाड्याने तर अशी हरकत घेतलेलीच नाही. खरं तर आधी ती मराठवाड्यातून यायला हवी होती.

नवरात्रात तुळजापूरला येणाऱ्या आराधी बाईकडे नीट पाहा. कपाळभर हळदीकुंकवाचा मळवट, गळ्यात कवड्यांच्या माळा, एका हातात परडी, दुसऱ्या हातात जळता पोत. झांज-तुणतुण्यावर रात्रभर देवीची गाणी म्हणून थकलेला, पण निश्चिंत चेहरा. अंगात आलं की केस मोकळे सुटतात, भोवतीच्या बाया तिच्या पाया पडतात. या बाया बहुतेक कष्टकरी घरांतल्या. कुणी ऊसतोडीवरून आलेली, कुणी खुरपणीची मजुरी करणारी, अनेक जणी दलित आणि भटक्या जमातींतल्या. येरमाळ्याला येडेश्वरीच्या चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत चुनखडी वेचायला हीच माणसं लोटतात. आता कोणतीही गूढमालिका लावा आणि तिच्यातल्या अघोरी बाईचा पोशाख पाहा. तोच मळवट, त्याच कवड्या, तेच मोकळे केस. वेशभूषाकाराला भीती हवी होती आणि ती त्याला तुळजापूरच्या पायऱ्यांवर आयती मिळाली. कवड्यांची माळ शिवाजी महाराजांच्या गळ्यात शोभते तेव्हा तिच्यापुढे हात जोडले जातात. तीच माळ गरीब बाईच्या गळ्यात आली की मागे भेसूर संगीत वाजतं. भवानीच्या भक्तीची ही चिन्हं आहेत, हे धाराशिव जिल्ह्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. मुंबईतल्या लेखकांच्या खोलीत ते कुणीतरी ठणकावून सांगायला हवं.

आराधी बाईच्या अंगात देवी येते यावर विश्वास ठेवावा, असं इथे म्हणायचं नाही. अंगात येण्याचाही विवेकाने विचार झालाच पाहिजे, आणि तो करताना त्या बाईचा मान राखता येतो. दाभोलकरांनी तो राखला. मालिका तिला भयानक करतात आणि तिच्या अंगातलं अद्भुत खरंही मानतात, म्हणजे श्रद्धा आणि विवेक या दोन्हींची एकाच वेळी फसवणूक होते.

कायदा या बाबतीत स्पष्ट आहे. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांचा खून झाला. काही दिवसांत वटहुकूम निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये विधिमंडळाने जादूटोणाविरोधी कायदा मंजूर केला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते, गुरांचं दूध आटवते असं सांगून तिच्याविषयी संशय पसरवणं हा या कायद्याने गुन्हा आहे. सहा महिने ते सात वर्षं तुरुंगवास आणि पाच हजार ते पन्नास हजार रुपये दंड. अशा गोष्टींचा प्रचार-प्रसारही कायद्याच्या कक्षेत येतो. केंद्राच्या १९९४ च्या केबल टीव्ही नियमांत तर अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारा कार्यक्रम दाखवू नये, असं थेट लिहिलेलं आहे. विशिष्ट वांशिक, भाषिक, प्रादेशिक समूहांची हेटाळणी करणारं चित्रण नको, हेही त्याच नियमांत आहे. वाहिन्यांनी यावर शोधलेला उपाय म्हणजे सुरुवातीची पाटी: ही मालिका काल्पनिक आहे, अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही. ती पाटी पाच सेकंद दिसते. त्यानंतरचा अर्धा तास तिला खोटं ठरवण्यात जातो.

भयकथा लिहूच नये का? जरूर लिहावी. भीती ही माणसाची फार जुनी सोबतीण आहे आणि मराठीला भयकथेची चांगली परंपरा आहे. विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने उसाच्या फडात प्रेक्षकाचा थरकाप उडवला आणि त्या भीतीच्या तळाशी स्त्रीभ्रूणहत्येचं पाप ठेवलं. २०२५ मध्ये आलेल्या हृषीकेश गुप्ते यांच्या 'जारण'मध्ये अमृता सुभाष यांनी करणीच्या छायेखाली जगणारी बाई उभी केली, आणि मनाच्या जखमा हा त्या गोष्टीचा गाभा आहे. दोन्ही चित्रपट घाबरवतात. घाबरवण्यासाठी गावकुसाबाहेरच्या बाईला चेटकीण ठरवावं लागत नाही, याचा हा पुरावा आहे. झारखंडच्या छुटनी देवींना डायन ठरवून गावाने छळलं. त्या उभ्या राहिल्या, इतर बायांना वाचवत राहिल्या, आणि २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी आसामच्या बिरुबाला राभा यांनाही याच कामासाठी पद्मश्री मिळाली. चेटकिणींची गोष्ट शोधणाऱ्या वाहिन्यांना यांचं आयुष्य दिसू नये, हे खेदाचं आहे.

वाहिन्यांकडे एकच मागणी आहे. पुढच्या गूढमालिकेत एकदा तरी संशय खोटा ठरू द्या. जिच्यावर बोट रोखलं ती बाई निर्दोष निघू द्या, आणि बोट रोखणाऱ्यांना पोलीस घेऊन जाताना दाखवा. आणि धाराशिव, तुळजापूर, उमरगा, परांड्याच्या प्रेक्षकांनीही गप्प बसू नये. मनोरंजन वाहिन्यांवरच्या मजकुराविषयी तक्रारी ऐकायला २०११ पासून 'ब्रॉडकास्टिंग कंटेंट कंप्लेंट्स कौन्सिल' ही स्वनियमन व्यवस्था आहे, आणि तिथे कोणताही प्रेक्षक तक्रार करू शकतो. गावात कुणा बाईवर करणीचा आळ आला, तर मालिकेच्या पुढच्या भागाची वाट पाहायची नसते. जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन २०१३ च्या कायद्याखाली त्याच दिवशी तक्रार नोंदवा.