आधी प्लॉट, मग वाट

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या कार्बनचा विषय निघाला की बोट जातं ते कारखान्याच्या धुराड्याकडे. पण कारखाना कुठे काढला, कामगार तिथवर कसा पोहोचतो आणि वीज कुठून येते, यातच या पट्ट्याचं निम्मं उत्तर दडलं आहे.

जपानी अर्थतज्ज्ञ योइची काया यांनी उत्सर्जनाचे चार घटक मांडले: लोकसंख्या, दरडोई उत्पन्न, त्या उत्पन्नासाठी लागणारी ऊर्जा आणि त्या ऊर्जेतला कार्बन. पहिले दोन इथे वाढणारच होते. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या 2001 मध्ये दहा लाखांच्या घरात होती, 2011 मध्ये ती सतरा लाखांवर गेली. मराठवाड्यातून पोटामागे आलेल्या माणसाला कोण अडवणार, आणि का अडवावं? राज्यकर्त्यांच्या हातात होते ते उरलेले दोन.

ऊर्जा किती लागते हे कामगाराच्या वाटेवरही ठरतं, आणि पिंपरीला ती वाट आधी मिळाली होती. 1954 मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स (एचए) उभी राहिली आणि 1962 मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, तेव्हा विजेवर धावणारी मुंबई-पुणे रेल्वे शेजारून आधीच जात होती. एचएची तर कामगारांसाठी स्वतःची वसाहत होती. 1978 मध्ये पुणे-लोणावळा लोकल सुरू झाली. मोठ्या कंपन्यांच्या बस गल्लोगल्ली फिरून माणसं गोळा करत.

चाकणला उलटं झालं. प्लॉट पडले, मर्सिडीज, फोक्सवॅगन, महिंद्रा आल्या, पण रेल्वे आली नाही. पुणे-नाशिक रेल्वेमार्गाची चर्चा वर्षानुवर्षं चालू आहे. त्यात कंत्राटी कामगार वाढले. कायम कामगाराला कंपनीची बस आणि कंत्राटी पोराला हप्त्यावरची मोटारसायकल, अशी वाटणी पुष्कळदा दिसते. शिफ्ट सुटताना चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहावं: कंटेनर आणि ट्रेलरच्या मधून शेकडो दुचाक्या वाट काढत असतात, अर्धा वेळ इंजिन चालू ठेवून जागच्या जागी. हे पेट्रोल त्या पोराच्या पगारातून जातं, हे मला जास्त बोचतं.

ऊर्जेचं गणित कारखान्याच्या आतही पाहण्यासारखं आहे. मोटारीच्या कारखान्यात सर्वाधिक ऊर्जा खातं ते पेंट शॉप: बूथमधल्या हवेचं तापमान आणि आर्द्रता सतत राखायची, मग रंग भट्टीत भाजायचा. भोसरीच्या लहान शेडमध्ये कॉम्प्रेसरच्या पाइपाला बारीक गळती असते. हवा फुसफुसत राहते आणि मीटर पळत राहतो. सील बदलायला फारसा खर्च येत नाही, लक्ष द्यायला माणूस लागतो.

विजेचं म्हणाल तर राज्यातली मोठी भिस्त अजून चंद्रपूर-कोराडीच्या कोळशावर आहे. बजाजची इलेक्ट्रिक चेतक 2022 पासून आकुर्डीत बनते, हे चांगलंच झालं. पण ती ज्या विजेवर चार्ज होते तिच्यातला धूर विदर्भातल्या लोकांच्या छातीत जातो.

चाकणच्या पुढच्या टप्प्यातले प्लॉट वाटण्याआधी सरकारने रेल्वेचं काम सुरू करावं, आणि कंत्राटी कामगारालाही बसमध्ये जागा देण्याची अट एमआयडीसीने प्लॉटच्या करारातच घालावी.