बुलेटची ठिणगी बदला, ऐट राहू द्या

जुन्या बुलेटची किक उलटी बसली की काय होते, हे ज्याच्या नडगीला कळले आहे त्याला वेगळे सांगायला नको. घोटा मुरगळतो, कधी हाडही मोडते. तरीही ‘बुलेट म्हटली की एवढे चालायचेच’ असे कौतुकाने सांगितले जाते. हे कौतुक आता पुरे झाले.

दोष बहुतेकदा इग्निशनमध्ये असतो. जुन्या बुलेटचे सीबी पॉइंट उघडले की कॉइलमध्ये उच्च दाबाची वीज तयार होते आणि प्लगवर ठिणगी पडते. पॉइंटमधली फट साधारण 0.35 ते 0.40 मिलिमीटर हवी. पण पॉइंट झिजतात, काळे पडतात. फट बदलली की ठिणगीची वेळही बदलते. शिवाय इंजिनचा वेग वाढेल तशी ठिणगी लवकर पडावी म्हणून छोटी वजने आणि स्प्रिंग बसवलेल्या असतात. ही वजने उघडीच अडकली, तर किक मारतानाही ठिणगी फार लवकर पडते. वर येणारा पिस्टन मागे ढकलला जातो आणि किक पायावर उलटते.

ठिणगी पडलीच नाही, तर पेट्रोल न जळता सायलेन्सरमधून बाहेर जाते. पेट्रोलमधले बेन्झीन कर्करोगकारक आहे. म्हणजे हौस आपली आणि ती हवा मात्र मागच्या स्कूटरवाल्याच्या छातीत.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनमध्ये पॉइंटच्या जागी सेन्सर येतो. तिथे घासणारे काही नसल्याने जुळवलेली वेळ टिकते. मात्र काही किटमध्ये जुनी वजने तशीच राहतात. ती साफ करून त्यांच्या स्प्रिंगही तपासून घ्यायला हव्यात. गाडी 6 व्होल्टची की 12 व्होल्टची, हे पाहूनच किट घ्यावे. बॅटरी उतरलेली असेल, तर चांगले किटही दगा देते.

‘मग गाडीचा अस्सलपणा काय राहिला?’ असे काही जण विचारतील. हा बदल झाकणाआड होतो, बाहेरून दिसतही नाही, आणि हवा तेव्हा मागे घेता येतो. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे : पॉइंट रस्त्याकडेला पॉलिश पेपरने घासून चालू करता येतात, सेन्सर नाही. म्हणून जुने पॉइंट आणि कंडेन्सर फेकू नका, टूलबॉक्समध्ये ठेवा. घाटात कधी अडलातच, तर तेच घरी आणतील. रोजच्या किकसाठी मात्र पायाला आणि शेजाऱ्याच्या फुफ्फुसाला कसोटीला लावू नका.